छोट्या दवाखान्यात विषाणूंविरुद्ध अतिनील दिवा कसा वापरावा

इंदुरात रामबाग, लोकमान्य नगर, सुदामानगर अशा भागांतील लहान दवाखान्यांची रचना बहुधा सारखीच असते. रस्त्याला लागून बाके मांडलेली बैठकीची खोली, तिच्या आत डॉक्टरांची तपासणीची खोली आणि मागच्या बाजूला ड्रेसिंगपुरती जागा. तापाची साथ आली की त्या बैठकीच्या खोलीत माणसे तास-तासभर खांद्याला खांदा लावून बसलेली असतात, आणि गोवर, कांजिण्या, इन्फ्लुएंझा किंवा कोरोना यांच्या विषाणूंना पसरण्यासाठी याहून सोयीची जागा मिळणे कठीण. कोरोनाच्या काळात अशा अनेक ठिकाणी अतिनील किरणांचे, म्हणजेच यूव्ही-सी दिवे बसवले गेले. त्यांतील काही आता बंद आहेत, तर काही चुकीच्या जागी लटकत आहेत. जे नवा दिवा घेण्याच्या विचारात आहेत किंवा जुना पुन्हा सुरू करणार आहेत, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे.

दिव्याचा विचार खिडकीनंतर करावा. समोरासमोरची खिडकी आणि दार उघडे राहिले, तर हवेतील विषाणूंचा मोठा भाग कोणत्याही खर्चाविना बाहेर जातो. परंतु मे महिन्याची झळ, पौषातली थंडी आणि रस्त्यावरची धूळ यांमुळे आपल्याकडे वर्षातील बराच काळ खिडक्या लोटलेल्याच राहतात. दिवा खरा उपयोगी पडतो तो या बंद खिडक्यांच्या काळात.

किरण कोणता आणि तो काय करतो

अतिनील किरणांचे तरंगलांबीनुसार तीन गट केले जातात. ३१५ ते ४०० नॅनोमीटर हा ‘ए’ गट, २८० ते ३१५ हा ‘बी’ आणि १०० ते २८० हा ‘सी’. सूर्यप्रकाशातील ‘सी’ गट वातावरणातील ओझोनमध्येच शोषला जातो, त्यामुळे तो जमिनीपर्यंत पोहोचत नाही. कमी दाबाच्या पाऱ्याच्या नळीतून मात्र तो सहज निर्माण करता येतो. अशा नळीचा मुख्य किरण २५३.७ नॅनोमीटरचा असतो आणि आनुवंशिक द्रव्य ज्या ठिकाणी किरण सर्वाधिक शोषते, त्या २६० ते २६५ नॅनोमीटरच्या अगदी जवळ तो येतो. हा किरण शोषला गेला की विषाणूच्या आनुवंशिक द्रव्यातील, म्हणजे आरएनए साखळीतील शेजारशेजारचे युरॅसिल, किंवा डीएनए असल्यास थायमिन, हे घटक एकमेकांना जोडले जातात. साखळीत अशा गाठी पडल्यावर तिची प्रत निघू शकत नाही. विषाणू तिथेच असतो, पण तो पेशीत शिरला तरी वाढू शकत नाही. म्हणून या क्रियेला विषाणू मारणे म्हणण्यापेक्षा निष्क्रिय करणे म्हणणे अधिक योग्य ठरते.

बाजारात ‘यूव्ही’ या नावाखाली जे विकले जाते, त्यातील बरेचसे या कामाचे नसते. नोटा तपासण्याचा दिवा आणि डास पकडण्याच्या यंत्रातील जांभळी नळी ‘ए’ गटातील असतात. स्वस्त एलईडी पट्ट्या तर पुष्कळदा ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा नुसता जांभळा प्रकाश देतात. इंदूरच्या महाराणी रोडवर खरेदीला गेल्यावर दुकानदाराला ‘किती वॅटचा’ हे विचारण्याआधी ‘किती नॅनोमीटरचा’ हे विचारावे, आणि २५३.७ किंवा २५४ हा आकडा छापील माहितीपत्रकावर असल्याखेरीज दिवा घेऊ नये. त्याच पत्रकात ‘ओझोन-मुक्त’ असा उल्लेख हवा. पाऱ्याची नळी १८५ नॅनोमीटरचा किरणही सोडते व त्यातून ओझोन तयार होतो. चांगल्या नळीची काच हा किरण अडवून धरते. दिवा लावल्यानंतर खोलीत तिखट, नाकाला झोंबणारा वास येत असेल तर ती नळी माणसांच्या खोलीसाठी योग्य नाही.

किरण खरोखरच ‘सी’ गटाचा आहे का, हे पाहण्यासाठी रंग बदलणारी चाचणी-कार्डे मिळतात. ती न मिळाल्यास पिवळ्या, डाग नसलेल्या केळ्याचा अर्धा भाग ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून ते दिव्यापासून एक मीटरवर ठेवावे, दार लावून बाहेरून दिवा पंधरा मिनिटे लावावा आणि केळे दुसऱ्या दिवशी पाहावे. उघड्या बाजूची साल तपकिरी पडते आणि कागदाखालची पिवळीच राहते, दोन्हींमधील रेघ बोटाने दाखवता येईल इतकी स्पष्ट असते. यावरून किरण आहे एवढेच समजते, तो पुरेसा आहे की नाही हे समजत नाही.

मात्रेचा हिशेब

औषधाप्रमाणेच अतिनील किरणांनाही मात्रा असते, आणि ती न मोजता दिवा वापरणे म्हणजे निव्वळ समाधान विकत घेणे होय. हिशेब सोपा आहे. पृष्ठभागावर पडणाऱ्या किरणांची तीव्रता गुणिले सेकंद म्हणजे मात्रा, आणि ती मिलिज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर या एककात सांगतात. यापुढे केवळ मिलिज्यूल म्हटले आहे तेथे हेच एकक समजावे. एक हजार मायक्रोवॉट म्हणजे एक मिलिवॉट, आणि एक मिलिवॉट तीव्रता एक सेकंद मिळाली की एक मिलिज्यूल होतो. कोरोनासारखे विषाणू मोजक्या मिलिज्यूलमध्येच मोठ्या प्रमाणात निष्क्रिय होतात. उलट सर्दी, डोळे येणे असे आजार करणारा ॲडेनोविषाणू फार चिवट असतो, आणि पाण्यातील त्याचे प्रमाण दहा हजारांवर एक इतके खाली आणण्यासाठी अमेरिकी नियमांत १८६ मिलिज्यूलची अट आहे. म्हणजे ‘९९.९ टक्के विषाणू नष्ट’ या जाहिरातीला कोणता विषाणू, किती अंतर आणि किती वेळ या तीन गोष्टी कळल्याशिवाय अर्थ नाही.

आता तीन फुटी, ३० वॅटची जंतुनाशक नळी घेऊ. ३० वॅट ही तिने खाल्लेली वीज आहे, तिच्यातून ‘सी’ किरण सुमारे १२ वॅटचेच बाहेर पडतात. एक मीटर अंतरावर तिची तीव्रता साधारण १०० मायक्रोवॉट प्रति चौरस सेंटिमीटर भरते, त्यामुळे तेथे १० मिलिज्यूल मिळण्यास १०० सेकंद पुरतात. अंतर दुप्पट झाले की तीव्रता जवळजवळ चौथाई होते. अडीच मीटरवरच्या बाकावर ती १६ मायक्रोवॉटच्या आसपास उरते आणि त्याच मात्रेला दहा मिनिटांहून अधिक वेळ लागतो. किरण तिरके पडतात, नळी जुनी होते आणि काचेवर धूळ बसते, हे धरून हा वेळ तिप्पट करावा. म्हणजे रात्री दवाखाना बंद झाल्यावर मध्यम आकाराच्या खोलीसाठी अर्धा तास.

हाच हिशेब हातात धरायच्या छोट्या कांडीला लावला की तिचा फोलपणा लक्षात येतो. कांडी पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून एक मिलिवॉट तीव्रता मिळते असे गृहीत धरले, तरी १० मिलिज्यूलसाठी ती प्रत्येक जागी दहा सेकंद स्थिर धरावी लागेल. ती एका वेळी २० बाय ३ सेंटिमीटर जागा व्यापत असेल, तर १२० बाय ६० सेंटिमीटरच्या टेबलावर तिच्या १२० जागा होतात आणि काम पूर्ण होण्यास वीस मिनिटे लागतात. साबणाच्या पाण्याचे फडके तेच काम दोन मिनिटांत करते. कांडी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

किरण सरळ रेषेत जातात आणि आड येणाऱ्या कोणत्याही वस्तूमागे त्यांचा उपयोग शून्य असतो. बाकाची खालची बाजू, पडद्याच्या चुण्या, थुंकीचा वाळलेला थर यांच्यामागील विषाणू सुरक्षित राहतात. त्यामुळे आधी ओल्या फडक्याने पुसणे आणि मग दिवा, हा क्रम कधीही उलटू नये.

छताखालचा दिवा

माझ्या मते लहान दवाखान्याने पैसे खर्च करावेत ते येथे. रिकाम्या खोलीतील उघडा दिवा रात्री पृष्ठभाग स्वच्छ करतो, पण लागण होते ती दिवसा, माणसे बसलेली असताना, हवेतून. यावर उपाय म्हणून दिवा डोक्याच्या वर भिंतीवर लावतात आणि आडव्या काळ्या पट्ट्यांच्या पेटीतून त्याचा झोत केवळ छताखालच्या पट्ट्यात सोडतात. उच्छ्वासाची उबदार हवा वर चढते, पंख्याने ढवळली जाते, झोतातून जाते आणि पुन्हा खाली येते. खाली बसलेल्यांवर किरण पडत नाहीत, त्यामुळे दिवा दिवसभर चालू ठेवता येतो.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकी संशोधक विल्यम वेल्स यांनी १९३७ पासून फिलाडेल्फिया परिसरातील शाळांत असे दिवे लावले होते आणि १९४१ च्या गोवराच्या साथीत दिवे असलेल्या वर्गांतील मुलांना लागण लक्षणीयरीत्या कमी झाली. पुढे क्षयरोगाच्या दवाखान्यांत ही पद्धत टिकून राहिली, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या क्षयरोग प्रतिबंधाच्या मार्गदर्शनात तिची सशर्त शिफारस आहे.

पेटीचा खालचा काठ जमिनीपासून किमान २.१ मीटर, म्हणजे सात फुटांवर असावा. तिच्या वर झोताला मोकळी जागा हवी. रामबागेतील जुन्या घरांची दहा-अकरा फुटी छते यासाठी उत्तम आहेत. नव्या इमारतींत नऊ फुटांच्या छताला पीओपीचे खोटे छत लावून ते आठ फुटांवर आणलेले असते, आणि तेथे ही व्यवस्था करण्याच्या भानगडीत पडू नये.

दिव्याचा आकार खोलीच्या घनफळावरून ठरतो. प्रत्येक घनमीटरला पेटीतून बाहेर पडणारे १५ ते २० मिलिवॉट ‘सी’ किरण असा अंदाज धरतात. पाच मीटर लांब, चार मीटर रुंद आणि ३.३ मीटर उंच खोलीचे घनफळ ६६ घनमीटर भरते, म्हणून तिला एक ते १.३ वॅट लागतात. हा आकडा किरकोळ वाटेल, परंतु काळ्या पट्ट्या नळीचे बहुतेक किरण गिळून टाकतात. विक्रेत्याकडून नळीचे वॅट न घेता ‘पेटीतून बाहेर पडणारे’ वॅट लेखी मागावेत. जो ते सांगू शकत नाही, त्याने ते मोजलेलेच नसतात.

बसवल्यानंतरचे मोजमाप हे या सगळ्यातील सर्वांत महत्त्वाचे काम आहे. २५४ नॅनोमीटरच्या किरणांसाठी माणसाला आठ तासांत ६ मिलिज्यूल ही मर्यादा बराच काळ प्रमाण मानली गेली आहे. आठ तासांचे २८,८०० सेकंद होतात, म्हणजे दिवसभर खोलीत असणाऱ्यावर सरासरी ०.२ मायक्रोवॉटपेक्षा अधिक किरण पडता कामा नयेत. उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, सुमारे १.७ मीटरवर, ‘सी’ किरण मोजण्याचे यंत्र धरून खोलीच्या चारही बाजूंना, पेटीच्या बरोबर खाली आणि समोरच्या भिंतीपाशी मोजावे. ज्या खुर्चीवर कंपाउंडर दिवसभर बसतो तेथे आवर्जून मोजावे, कारण रोगी तासाभरात निघून जातो, कंपाउंडर जात नाही. पंखा सुरू ठेवूनही एकदा मोजावे, कारण पात्यांवरून किरण खाली परतू शकतात. छताचा साधा पांढरा रंग हे किरण बरेचसे शोषून घेतो, पण ॲल्युमिनियमच्या चकचकीत पट्ट्या किंवा चंदेरी रंग ते आरशासारखे परत पाठवतात, म्हणून झोताच्या वाटेत अशा वस्तू ठेवू नयेत. आकडा जास्त आला तर पेटी वर सरकवावी किंवा तिचा कोन बदलून घ्यावा, आणि हे झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत.

पंखा मंद गतीवर ठेवावा. हवा ढवळली जाणे आवश्यक आहे, अन्यथा वरची हवा वरच राहते. पावसाळ्यात हवेतील आर्द्रता साठ-सत्तर टक्क्यांच्या वर गेली की हवेतील जंतूंवरचा किरणांचा परिणाम घटतो. सुदैवाने आपल्याकडे आषाढ-श्रावणात खिडक्या उघड्या ठेवण्यासारखे हवामान असते.

एसीत दिवा बसवून घेण्याविषयीही विचारणा होते. मोठ्या इमारतींच्या हवेच्या बोगद्यांत अनेक नळ्या हिशेबाने बसवतात. सीएसआयआर-सीएसआयओ या सरकारी संशोधन संस्थेने विकसित केलेली अशी यंत्रणा २०२१ मध्ये संसद भवनात बसवण्यात आली. भिंतीवरच्या साध्या एसीतून हवा क्षणार्धात निघून जाते, आणि तेवढ्या वेळात छोट्या दिव्याकडून पुरेशी मात्रा मिळत नाही.

डोळे, त्वचा आणि दाराबाहेरचे बटण

उघड्या दिव्याच्या बाबतीत मघाचाच हिशेब माणसाला लावून पाहावा. ३० वॅटच्या उघड्या नळीसमोर एक मीटरवर उभे राहिल्यास आठ तासांची मर्यादा एका मिनिटात संपते. त्या क्षणी काहीच जाणवत नाही, ना उष्णता ना वेदना, आणि हाच खरा धोका आहे. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागते, पाणी वाहते, उजेड सहन होत नाही. एक-दोन दिवसांत बहुधा हे बरे होते, पण डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवणे टाळू नये. त्वचा भाजल्यासारखी लाल होते. हात किंवा शरीर निर्जंतुक करण्यासाठी हे दिवे वापरू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितले आहे.

या नळ्या साध्या ट्यूबलाइटच्या पट्टीत बसतात, आणि त्यातूनच मोठा धोका निर्माण होतो. नळी पारदर्शक असते, लावल्यावर फिकट निळी दिसते, आणि सकाळी झाडायला आलेल्या मावशींना तो मंद दिवाच वाटतो. त्या बिचाऱ्या त्याच उजेडात झाडू मारतात. म्हणून उघड्या दिव्याचे बटण खोलीच्या बाहेर, इतर बटणांपासून वेगळे आणि वरच्या बाजूला असावे. त्याला आपोआप बंद होणारा टायमर असावा, दार उघडताच वीज तोडणारा स्विच दाराच्या चौकटीत असावा, आणि दारावर मराठीत व हिंदीत ठळक अक्षरांत ‘आत अतिनील दिवा सुरू आहे, दार उघडू नये’ असे लिहिलेले असावे. दिवा चालू आहे का, हे दाराच्या साध्या काचेतून पाहता येते, कारण साधी काच हा किरण अडवते. नळीची स्वतःची काच मात्र वेगळी, किरण जाऊ देणारी असते.

झाडे, प्लास्टिकच्या खुर्च्या, रबरी नळ्या आणि पडदे या किरणांनी खराब होतात. बैठकीच्या खोलीत दिवाळी अंक किंवा पुस्तके ठेवलेली असतील तर ती रात्री कपाटात ठेवावीत, कागद पिवळा पडतो आणि मिटलेल्या पानांत किरण पोहोचतच नाहीत.

अलीकडे २२२ नॅनोमीटरचे दिवे आले आहेत. त्यांचा किरण त्वचेच्या वरच्या मृत थरातच शोषला जातो, त्यामुळे मर्यादेत राहून ते माणसांच्या उपस्थितीतही वापरता येतात. ते महाग आहेत, थोडा ओझोन निर्माण करतात, आणि मोजमापाची गरज त्यांनाही तितकीच आहे.

देखभाल

नळीचे आयुष्य साधारण ९,००० तासांचे असते. दिवसाला आठ तास धरल्यास ही तीन वर्षे होतात आणि अखंड चालू ठेवल्यास जेमतेम एक वर्ष. त्यानंतरही निळा उजेड पूर्वीसारखाच दिसतो, अदृश्य किरण मात्र घटलेले असतात, म्हणून डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. नळी बसवल्याची तारीख मार्करने पट्टीवर लिहावी, काचेवर लिहू नये. इंदूरच्या उन्हाळ्यात काचेवर धुळीचा थर लवकर बसतो. महिन्यातून एकदा वीज बंद करून, नळी थंड झाल्यावर, सुती हातमोजे घालून स्पिरिटमध्ये भिजवलेल्या मऊ फडक्याने ती पुसावी. उघड्या बोटांचा तेलकट ठसा काचेवर राहू देऊ नये.

पिण्याच्या पाण्याचा दिवा

पाण्यासाठी हे तंत्र फार चांगले आहे, कारण नळीभोवती फिरणाऱ्या पाण्याला सावली नसते आणि मात्रा नेमकी ठरवता येते. घरगुती यंत्रांसाठी ४० मिलिज्यूल हे चांगल्या दर्जाचे प्रमाण मानले जाते. हिपॅटायटिस ‘ए’ सारखे विषाणू मेणबत्तीच्या साध्या फिल्टरमधून निसटतात, आणि तेथे हा दिवाच उपयोगी पडतो. जलूदहून येणारे नर्मदेचे पाणी पावसाळ्यात गढूळ आले तर किरण गाळात अडकतात, म्हणून दिव्याच्या आधी गाळणी हवीच. बोअरिंगच्या जड पाण्याने नळीभोवतीच्या क्वार्ट्झच्या आवरणावर पांढरा थर चढतो. ते आवरण काढून लिंबाच्या सत्वाच्या पाण्यात भिजवावे आणि स्वच्छ धुऊन बसवावे. वीज जाऊन आल्यावर पहिला पेलाभर पाणी टाकून द्यावे. क्लोरीनप्रमाणे मागे रेंगाळणारा परिणाम या किरणांना नसतो, त्यामुळे शुद्ध झालेले पाणी उघड्या पिंपात साठवले तर ते पुन्हा दूषित होऊ शकते.

नळी फुटल्यास आणि संपल्यास

नळीत काही मिलिग्रॅम पारा असतो. ती फुटली तर सर्वांनी बाहेर जावे, पंखा बंद करून खिडक्या उघडाव्यात आणि किमान पंधरा मिनिटे थांबावे. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये, त्याने पारा हवेत पसरतो. हातमोजे घालून जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करावेत, बारीक कण चिकटपट्टीने उचलावेत आणि सगळे झाकणाच्या बरणीत बंद करावे. संपलेली अखंड नळी तिच्या मूळ खोक्यात ठेवावी. घरातील नळी असेल तर महापालिकेच्या कचरागाडीतील घरगुती घातक कचऱ्याच्या वेगळ्या कप्प्यात, गाडीवरच्या माणसाला सांगून, हातात द्यावी. दवाखान्यातील नळी जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत कधीही टाकू नये, कारण ती पिशवी जाळण्यासाठी जाते आणि नळीतील पारा धुरावाटे हवेत मिसळतो. कचरा उचलणाऱ्या संस्थेला कळवून ती स्वतंत्रपणे सोपवावी.